रिकाम्या बाकांच्या मॅडम

आमच्या मॅडमइतके भरलेले वर्ग अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी घेतले नसतील. आणि त्या वर्गांत माणूस म्हणाल तर एकही नसायचा. हसू नका. मीही आधी हसलोच होतो.

मॅडम दिग्रसच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि माझ्या पीएचडीच्या गाइड होत्या. बाकीचे गाइड विद्यार्थ्यांकडून प्रकरणं लिहून घेतात, फार तर घरचा सिलिंडर आणवतात. मॅडमनी आम्हाला शिकवायला शिकवलं. रविवारी दुपारी कॉलेज बंद, लांबून कापसाच्या जिनिंगची घरघर, आणि आम्ही संशोधक मंडळी आळीपाळीनं रिकाम्या बाकांपुढे तास घेणार. मॅडम आधी हजेरी घ्यायच्या. नाव कुणाचं नाही, नुसती बाकाबाकाकडे मान हलवायच्या, आणि मध्येच थांबून काळजीनं विचारायच्या, "मागच्या रविवारी काहून नाही आली?" उत्तर ऐकून घ्यायच्या. मग आमच्याकडे वळायच्या. "भरल्या वर्गाले कोणीबी शिकवते. हुशार पोट्टे माना हलवतात अन् मास्तर फुगते. ज्याले समजत नाही ते दिसतच नाही. ते पाहाले शिका."

त्यांचा सगळा जीव खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या बाकावर. तिथं एक मुलगी बसते, असं त्या गृहीतच धरायच्या. आमच्यातला एकजण एकदा त्या बाकावर डबा उघडून बसला, तर मॅडम हळूच म्हणाल्या, "ऊठ बाप्पा, ती केव्हाची उभी आहे." गडी घास हातात धरून उठला. त्यानंतर तिथं बसायची कुणाची छाती झाली नाही.

माझी पाळी आली की मी टिपणांत डोकं खुपसून सुटायचो. एकदा असाच विलायतेला गेलेल्या कापसाबद्दल घडाघडा वाचत होतो, मॅडम बाहेर व्हरांड्यात पाणी पीत होत्या, आणि कोपऱ्यातून लाकडावर पेन ठेवल्याचा आवाज आला. स्पष्ट. बाहेरून मॅडम म्हणाल्या, "पाह्य, ठेवला तिनं पेन." आई शप्पथ सांगतो, भर उन्हाळ्यात अंगावर काटा आला. कागद बाजूला टाकून मी तोच मुद्दा आर्णीच्या बाजारातल्या कापसाच्या भावावरून पुन्हा सांगितला, कोपऱ्याकडे बघत, घाबरत घाबरत. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकवलं ते तेव्हा.

पुढे आर्णीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. त्यासाठी बियाण्याच्या दुकानातली नोकरी सोडली, आईनं गल्लीभर पेढे वाटले. आणि वर्गात पाहतो तर काय, शुकशुकाट! प्रवेश सगळ्यांचे, पण कोणी कामाला, कोणी भरतीच्या तयारीला. प्राचार्य म्हणाले, "महिनाभर पाहतो. पोरं नाही आली तर तासिका बंद." पायाखालची जमीन सरकली. मॅडमना फोन केला.

"रिकामा आहे तं भेतं कायले?" त्या म्हणाल्या. "हजेरी घे अन् सुरू कर."

केलं सुरू. प्रश्न विचारायचो, उत्तराची वाट पाहायचो, नाही समजलं असं वाटलं की पुन्हा सांगायचो. क्लार्क दारातून डोकावून, कपाळावर हात मारून जायचा. महिना सरत आला होता. आणि एका दुपारी दारात एक मुलगी उभी, दप्तर छातीशी धरलेलं.

"सॉरी सर, उशीर झाला. येऊ का आत?"

"ये, ये!"

ती आत आली आणि थबकली. सगळे बाक एकदा पाहिले, मग माझ्याकडे. "सर, बाकीच्या कुठी गेल्या? मले वाटलं वर्ग भरून आहे. आता कोणती तरी पोट्टी म्हणे नं, 'सर, पुन्हा सांगा'?"

मी खडू खाली ठेवला. पण तास पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली, मग त्यांच्या गावचे आले, आणि माझ्या तासिका वाचल्या.

वर्ग भरायला लागल्यावर एका संध्याकाळी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, शाबासकी देतील.

"असं होय," त्या म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तरीच म्हटलं, इथं दोन रविवार झाले, कोपरा रिकामा आहे." आणि मग, पोरगी सासरी धाडल्यासारखं, "तिले सांभाळून घेजो बाप्पा. ती लवकर विचारत नाही."