शर्यतीतली पाचवी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भिंतीवरची तीन घड्याळं झाली. तिन्ही मी सायकलच्या शर्यतींत मिळवलेली, आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवायची. आमच्या भागात तेव्हा मुलींच्या शर्यतीचं दुसरं बक्षीस म्हणजे घड्याळ, हे जणू ठरलेलंच होतं. पहिलं बक्षीस ढाल. ती ढाल दर वेळी बिडकीनची एक मुलगी घेऊन जायची. तिच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून तिची साखळी कधी उतरत नाही, असं मी भेटेल त्याला सांगत असे. खरं म्हणजे ती माझ्यापेक्षा जोरात सायकल मारायची, पण त्या वयात असलं काही कोण कबूल करतं?

कुठं उरूस, कुठं जत्रा, कुठं पुढाऱ्याचा वाढदिवस. त्या उन्हाळ्यात कुठं ना कुठं शर्यत असायचीच. मुकुंदवाडीहून मी भल्या सकाळी निघायचे. वाकड्या हँडलची जुनी रेसर एसटीच्या टपावर चढवायची, कंडक्टरशी हुज्जत घालायची आणि मग वर सायकल खडखडतेय ना, इकडं कान लावून बसायचं. खडखड थांबली की मी खिडकीतून डोकं बाहेर काढायचे. ऊन लागू नये म्हणून आई दर वेळी माझ्या खिशात एक कांदा घालायची. तो सगळा रस्ताभर मांडीवर आपटायचा. एकदा दुसरी आले त्याचं खापर मी त्या कांद्यावरही फोडलं होतं.

अडचण एकच होती. पाच जणी असल्याशिवाय मुलींची शर्यत घ्यायची नाही, असा सगळीकडं नियम. छावणीतल्या दोघी बहिणी, बिडकीनची ती आणि मी, अशा आम्ही चौघी ठरलेल्या. पाचवी मात्र दर गावात शोधावी लागे. कधी कुणाची आतेबहीण, कधी कुणाची मैत्रीण. एकदा तर रसवंतीवर ग्लास विसळत असलेल्या मुलीलाच आम्ही सायकलवर बसवलं. ती पहिल्या चौकातून परत फिरली आणि पुन्हा ग्लास विसळायला लागली. तरी शर्यत धरली गेली. पाचवीनं निघायचं, एवढंच तिचं काम.

मोसमातली शेवटची शर्यत कन्नडची, आणि तिथं हे चालणार नव्हतं. तिथली पहिली येणारी विभागाच्या संघात जाणार होती. पंच म्हणून एक निवृत्त पीटीचे मास्तर होते, त्यांनी आधीच निरोप धाडला होता, "पाच सुटल्या पाहिजेत अन् पाच पोचल्या पाहिजेत. नायतर शर्यत धरायची नाय." शर्यत धरली नाही, तर आधीच्या निकालांवरून बिडकीनची जाणार, हे सांगायची गरज नव्हती. मला एकदा, निदान एकदा, तिच्या पुढं जायचं होतं आणि संघाचा तो शर्ट अंगात घालायचा होता. रात्री झोपेतसुद्धा मी पायडल मारत असे, असं धाकटी बहीण सांगायची.

पाचवी कुठून आणायची, याचा घोर मी घरभर मिरवत होते. तेव्हा वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, गच्चीवरून पापडांचं ताट घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "मी येऊ का, ताई?"

वहिनींचं माहेर कन्नडजवळच. लग्नाआधी त्या रोज सायकलवरून कन्नडच्या शाळेत जायच्या. त्या उन्हाळ्यात मात्र त्या गच्चीच्या बाहेर पडल्या नव्हत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, पण यंदा आधी दादाला रजा मिळेना, मग चुलतबहिणीचं लग्न निघालं, मग पापड, शेवया, कुरडया. त्यांचं जाणं राहिलं ते राहिलंच. मला पाचवी हवी होती, मी लगेच आईकडं गेले. आई म्हणाली, "जाऊ दे की. पण साडी नको, चाकात अडकन. तुझा पंजाबी ड्रेस दे तिला." आणि तिनं दोन कांदे काढून ठेवले.

शर्यतीचा रस्ता कन्नडहून आमच्या शहराच्या बाजूला काही मैल आणि तिथून वळून परत, असा होता. तो वहिनींच्या माहेरच्या दारावरून जातो, हे मला ठाऊक होतं. त्याचं काय होईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो. वहिनी शेजारणीच्या लेडीज सायकलवर, ओढणी कमरेला बांधून, मंगळसूत्र दातात धरून. पहिल्या चढालाच त्या मागं पडल्या, मीही मागं पाहिलं नाही. वळणापर्यंत बिडकीनची माझ्या पुढं होती. परतीच्या वाटेवर मी तिच्या चाकाला चिकटले ते सुटलेच नाही. कन्नडची पहिली घरं दिसली तेव्हा मी खिशातला कांदा काढून फेकून दिला. कांद्यानं फरक पडला असं मी म्हणणार नाही, पण चाकाभरानं मी पुढं होते. आयुष्यात पहिल्यांदा. मी सायकलवरून उतरले, आणि रडले की हसले, आता आठवत नाही.

छावणीतल्या दोघी आल्या. वहिनी येईनात.

मुलांची शर्यत आमच्यानंतर होती. ती सगळी ओळीनं उन्हात ताटकळत उभी, कुरकुरत होती. मास्तर शिट्टी हातात घेऊन म्हणाले, "पोरांची शर्यत सुटली की तुमची संपली. पाचवी पोचली तर ठीक, नाय तर नाय." ढाल टेबलावर होती, हाताच्या अंतरावर. माझा संताप संताप झाला. मी सायकल उचलली आणि उलट्या दिशेनं निघाले. मागून आवाज आला, "ठैर, मैं बी आती."

बिडकीनची होती. मी म्हटलं, "तुला काय? पाचवी नाही आली तर तुझाच फायदा."

"मेरेकू ऐसी जीत नक्को," ती म्हणाली. "आगे चल. तेरी वहिनी को लाते."

वहिनी सापडल्या त्या माहेरच्या ओट्यावर, पाटावर बसलेल्या. कपाळाला ताजं हळदकुंकू, भोवती गल्लीतल्या बायका, आणि त्यांची आई त्यांची ओटी भरत होती. सायकल लिंबाला टेकवलेली. माझं तोंड उघडलं, पण माझ्याआधी वहिनींची आईच बोलली.

"लेक वळून माघारी दारावरून चालली, तिला तशीच जाऊ देऊ व्हय? कवापासून वाट बघतीय मी तिची. बसा पोरींनो, तुमीबी टेका."

"मावशी, शर्यत चालू आहे," मी म्हटलं.

"व्हय, ती म्हनली. म्हनून तर लवकर लवकर भरतीय."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले, आणि चेहरा इतका हसरा की तसा मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता. माझा राग तिथंच बसला. आमच्या हातावर गूळ-शेंगदाणे पडले, ते आम्ही तोंडात कोंबले आणि निघालो.

ओटीतलं सांडायचं नाही. म्हणून वहिनी एका हातानं तांदूळ आणि खण सावरत, एका हातानं सायकल चालवत. या गतीनं आम्ही दिवाळीला पोचलो असतो. शेवटी बिडकीनच्या मुलीनं नारळ मागून घेतला आणि काखेत मारला. मी वहिनींच्या शेजारून ओरडत होते, नियमानं त्यांना हात लावता येत नव्हता. "मारा वहिनी, मारा! चढ संपला की उतारच आहे!" आणि मागून त्यांच्या गल्लीतल्या बायका बैलगाडीत बसून निघालेल्या, लेकीचा नंबर बघायला.

कन्नडला मुलं पायडलवर पाय ठेवून वाकली होती, शिट्टी मास्तरांच्या तोंडात होती. वहिनींना येताना पाहून ती शिट्टी तशीच राहिली. मुलांनी बाजूला होऊन वाट दिली. वहिनी रेषा ओलांडून गेल्या आणि एक तांदूळही सांडला नाही.

"पाचवी," मास्तर म्हणाले. "पण पोचली." आणि त्यांनी ढाल माझ्या हातात दिली. टाळ्या मात्र पाचवीला जास्त पडल्या, बैलगाडी तोवर आली होती.

परतीच्या एसटीत ढाल माझ्या मांडीवर होती, नारळ वहिनींच्या. त्यांचं गाव जवळ आलं तशी त्यांनी ओढणी नीट केली. थांब्यावर त्यांची आई उभी होती. वहिनी उठल्या.

"ताई, तुमच्यासाठी मी पाचवी झाले. आता घरी एवढं सांगा, आठ दिवसांनी येते म्हणून."

"आणि कुरडया?" मी विचारलं. खरंच, तेवढंच सुचलं मला.

"तुम्ही हायेत की," त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

आईनं ढाल पाहिली, मग माझ्या मागं पाहिलं. मी सांगितलं. तिनं ढाल घड्याळांच्या खाली ठेवली. मग म्हणाली, "मीच पाठवायला पायजे होतं तिला," आणि सोऱ्या माझ्या हातात दिला. विभागाच्या संघात निवडलेली मी तो आठवडा गच्चीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गव्हाचा चीक दाबत बसले. सायकलनं कधी आले नाहीत एवढे फोड हातांना आले.

वहिनी आल्या त्या सरळ गच्चीवर गेल्या. वाकड्यातिकड्या, तुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या माझ्या कुरडया त्यांनी वाकून पाहिल्या.

"ताई, ह्या पाचव्या नंबरच्या हायेत," त्या म्हणाल्या. "पण पोचल्या."