तुटक्या शेपटीचा सिंह

सोन्यावर सरकारी नियंत्रण आलं तेव्हा आमच्या आर्वीतल्या कितीतरी सोनारांनी दुकानं आवरली. किसनराव हटवादी, ते चांदी घेऊन बसून राहिले. त्यांच्या नजरेला गावात मान होता. "किसनरावांनी पाह्यलं" म्हटलं की पुढे कोणी तोंड उघडत नसे. या माणसाची खरी कमाई तेवढीच.

त्र्याहत्तरच्या सुमारास हिरालाल त्यांच्याकडे येऊ लागला. नागपूरच्या साहेबी बंगल्यांतलं जुनं सामान उचलून विकणारा हा माणूस. बोलणं असं की पाघळून जावं. आता नाव निघालं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो तंबाखूचे जुने पाइप पारखायला आणायचा. लाकडी वाटी, काळी दांडी, मध्ये चांदीचं कडं आणि कड्यावर बारीकसे ठसे. त्यानंच दिलेल्या इंग्रजी पुस्तकातली चित्रं जुळवत किसनराव ते ओळखायला शिकले. चालता सिंह असला की चांदी विलायती आणि अस्सल. शेजारचं एकटं अक्षर सालाचं. चौकटीतली दोन अक्षरं कारागिराची. त्या न पाहिलेल्या कारागिरांबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलत. नमुना राहावा म्हणून ठशावर गरम लाख दाबून घेत, दागिन्यात भरतात तीच.

एकदा लाख मऊ असताना त्यांच्या धाकट्या लेकीनं, नलूनं, बोट लावलं. नख नेमकं सिंहाच्या शेपटीवर पडलं आणि शेपटी मधेच तुटली. किसनराव रागावले, मग हसले, आणि तो ठसा तसाच डबीत ठेवला.

किसनरावांच्या बायकोला, शकुबाईला, भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. हिरालाल आला आणि ती त्याला ओवाळू लागली. नलूचा तो मामा झाला. मामानं एकदा ती डबी मागितली.

"भाऊजी, चार दिवस द्या. माल घेताना ठसे ताडून पाह्यतो."

घरच्या माणसाला नाही कोण म्हणतं? डबी जशीच्या तशी परत आली.

पुढे एका दिवाळीच्या तोंडावर वर्ध्याचे डॉक्टर प्रभाकरराव एक पाइप घेऊन आले. "हिरालालकडून घेतला. तुम्ही पारखलेला आहे म्हणाला. फक्त साल सांगा."

किसनरावांनी तो पाइप त्याआधी कधीच पाहिला नव्हता. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. सिंहाची शेपटी मधेच तुटलेली होती. त्यांच्या लाखेवरून शिक्का ओतला होता, आणि त्यात नलूचं नखही उतरलं होतं. अस्सल म्हणाले असते तर नाव शाबूत राहिलं असतं.

"खोटा आहे, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "अन् ठसा माह्या घरून गेला."

गावानं दुसरं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं. लोकांनी पारखायला दागिने आणणं सोडलं.

भाऊबीजेला हिरालाल साडी घेऊन हजर. शकुबाईनं पाट मांडला होता. किसनरावांनी त्या पाटावर लाखेचा ठसा ठेवला.

"माह्या पोरीचं नख बी विकलं तुनं?"

हिरालालनं ठसा पाहिला. लाजला असता तरी बरं झालं असतं.

"भाऊजी, तुमचं नाव घेतलं का गिऱ्हाईक निरखून पाह्यतच नाई," तो म्हणाला. "मंग मी बी काऊन पाह्यलं असतं?"

शकुबाईनं पाट उचलला. साडी त्याच्या हातातच राहिली. संध्याकाळी ती ताट घेऊन अंगणात गेली आणि कितीतरी वर्षांनी तिनं पुन्हा चंद्राला ओवाळलं.