कितीपैकी मास्तर

कुणी कौतुकानं आकडा सांगितला, की आमचे मास्तर विचारत, "कितीपैकी?" एका लग्नात यजमान मिशीवर हात फिरवत म्हणाले, "दोनशे पानं उठली!" मास्तर शांतपणे म्हणाले, "कितीपैकी? बोलावली किती होती?" तेव्हापासून पेठेत त्यांचं नावच पडलं, कितीपैकी मास्तर.

तेव्हा निजामाचं राज्य, शाळेला मदरसा म्हणत. बीडच्या आमच्या पेठेतला सरकारी मदरसा म्हणजे एक खोली आणि बाहेर ओटा. आत आम्ही दुकानदारांची आठ पोरं. ओट्यावर नदीकडच्या आळीतली, चांभार-कैकाड्यांची अकरा. त्यांना मास्तरांनी घरोघर हिंडून आणलं होतं, पण आत घ्यायला पेठ राजी नव्हती. म्हणून मास्तर उंबऱ्यातच उभे राहून शिकवत. पाढे चालले की एक कान आत, एक बाहेर.

तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी ठेवायचं, हा सगळीकडचाच रिवाज. आदल्या दिवशी माझे वडील, अप्पा, म्हणाले, "मास्तर, ओट्यावरच्यान्ला उद्या सुट्टी द्या की. कावून पेठेची इज्जत घालवता?"

"अप्पा, मग वर्षभर मी शिकवलं कुणाला?"

तपासणीला आलेले साहेब उर्दूत विचारत. आम्हाला उर्दू शिकवायला घरी मुन्शी येई. चांभाराच्या तुक्याकडे कोण येणार? साहेबांनी त्याला हिशेब घातला. तो त्यानं चटकन सोडवला, मराठीत.

"सवाल उर्दू में, और जवाब मराठी में?"

"साहब, हिसाब तो सही है," मास्तर म्हणाले.

"आप से नहीं पूछा."

ओट्यावरचे सगळे असेच नापास झाले. निकाल लागला, एकोणीसपैकी आठ.

पेठेनं मास्तरांच्या विरुद्ध अर्ज केला. पहिली सही अप्पांची. बदली चकलांब्याला झाली. निरोपाला गाडीपाशी ओट्यावरची पोरं रडत उभी होती. आम्हा आठांपैकी एकही नव्हता.

नव्या मास्तरांनी ओटा रिकामा केला. पुढच्या तपासणीला आम्ही तेच आठ बसलो आणि शाळा सगळी पास झाली. अप्पांनी दुकानात पेढे वाटले. नेमके त्याच दिवशी मास्तर बाजाराला आले होते.

"या मास्तर, तोंड गोड करा! आठ पोरं पास. शाळा लई सुधारली बगा."

मी मान खाली घालून वाट पाहत राहिलो, आता विचारतील. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पेढा रुमालात बांधला आणि नदीकडच्या आळीची वाट धरली. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. हातातला पेढा मी परत ताटात ठेवला.

आता माझा मुलगा त्याच खोलीत शिकतो. निकाल दरवर्षी उत्तम लागतो. ओट्यावर आमच्या पोरांच्या चपला असतात. त्या शिवतो तुक्या.