रामकिशनच्या नावेतला दिवा

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नांदेडची गोदावरी आटून डोहांपुरती उरली होती. बायाबापड्या हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करत होत्या आणि आमचा रामकिशन एका डोहात शिडाची नाव घेऊन बसला होता. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, यात लोकांची काही चूक नव्हती.

पण नाव त्यानं हौसेखातर बांधली नव्हती. अर्धं आयुष्य तो मालवाहू बोटींवर वायरमन होता. वर्षाकाठी एकदा घरी यायचा आणि बायको, केवळाबाई, दर वेळी तेच विचारायची, "राहता कुठं हो तुम्ही तिकडं?" तो सांगायचा: इवलीशी लाकडी खोली, अंग टाकायला एक फळी, कपड्यांना एक खुंटी आणि डोक्यावर एक दिवा. जेवण त्या दिव्याखाली, झोपही त्याच दिव्याखाली. "एकडाव बघायची हाय मला ती खोली," ती म्हणायची. बाईनं नवऱ्याकडं कधी दागिना मागितला नाही, मागितलं ते एवढंच. म्हणून नोकरी संपल्यावर त्यानं नाव बांधली आणि तिच्या पोटात हुबेहूब तशीच खोली केली. काम पुरं होत आलं, तेव्हा डॉक्टरांनी केवळाबाईच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली फार दिवस टिकणार नव्हती. दाखवायचं ते लवकर दाखवायला हवं होतं.

आणि नेमका खोलीतला दिवाच दगा देऊ लागला. नाव हलली की लागायचा, थांबली की विझायचा.

"कंदील नेऊ की," केवळाबाई म्हणाली. "कंदिलात बघितलं म्हणून मी काय नावं ठेवणार हाय का?"

रामकिशन भडकला. "जन्मभर बोटींचे दिवे लावले म्या! अन् घरच्या माणसाला कंदील दाखवू?" दिवा नीट लागेपर्यंत तिनं नावेवर पाऊल टाकायचं नाही, असंही त्यानं बजावलं. असल्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

तो इरेला पेटला. दिवस उजाडला की डोहावर, जेवायला तेवढा घरी. बल्ब काढून थेट बॅटरीला लावला, झक्क पेटला. फ्यूज शाबूत, बटण ठीक. दिव्यापर्यंत करंट येत होता, म्हणजे खोट दिव्याकडून बॅटरीकडं परत जाणाऱ्या तारेत. त्यानं दिसली तेवढी तार बदलली, होल्डर बदलला, बॅटरीची टोकं घासून लखलखीत केली. दिवा आपला पुन्हा तसाच. इकडं डोहाचं पाणी रोज मागं सरत होतं आणि नाव ढकलून ढकलून मधोमध न्यावी लागत होती.

मोटार स्टँडवरचा मलप्पा एकदा नावेवर आला. तो ट्रकांचं वायरिंग करायचा. लातूर जिल्हा झाल्यानं तिकडं जीपगाड्या वाढल्या होत्या, म्हणून इथलं दुकान बंद करून तो लातूरला निघाला होता. जाता जाता दादांचा दिवा बघू म्हणाला आणि परतीची तार त्यानं सरळ नावेच्या एका खिळ्याला गुंडाळली.

"हे काय करून राहिलास रे?"

"अर्थिंग, दादा. ट्रकाला बॉडीलाच लावतो की."

"ट्रकाची बॉडी लोखंडाची अस्ती, मलप्पा! हे सागवान हाय!" रामकिशन पोट धरून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला बिचारा.

मलप्पा ओशाळला, पण वाकून तार बघत म्हणाला, "मग झोपायच्या फळीखाली जोड हाय न्हवं, तो उघडा."

"तो माझ्या हातचा जोड हाय. माझा कथलाचा डाग आजवर सुटला न्हाई." खिळ्याला अर्थिंग देणाऱ्याचं ऐकून स्वतः ठोकलेली फळी उखडायची? रामकिशननं ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं सगळं त्यानं दोन-दोनदा तपासलं, आपल्या हातचं तेवढं तपासलं नाही.

पाणी गुडघाभर उरलं, तेव्हा कुठं त्यानं फळी उखडली. जोडावर हिरवा थर चढलेला. टेप सोडताच दोन्ही तारा सुटून हातात आल्या. डाग कच्चाच बसला होता. स्वतःचाच डाग! आता दिवा तिच्यासमोरच लावायचा म्हणून तो तसाच घरी धावला आणि केवळाबाईला घेऊन आला. तिनं त्याचा हात घट्ट धरला होता. पाण्याला भीत असेल, असं त्याला वाटलं.

तिला दिव्याखाली बसवून तो फळीखाली शिरला. तारा खरवडल्या, पीळ दिला, डाग दिला आणि आतूनच ओरडला, "बघ आता!"

"लागला हो!" वरून केवळाबाईचा आनंदानं भरलेला आवाज आला. "काय गं बाई उजेड! खुंटी दिसती, तुमची फळी दिसती. सगळं तुम्ही सांगायचा तस्संच हाय."

रामकिशनचा ऊर भरून आला. हात पुसत तो बाहेर आला. दिवा विझलेलाच होता. कामाला बसताना सवयीनं बंद केलेलं बटण त्यानं चालू केलंच नव्हतं. केवळाबाई मान वर करून दिव्याच्या जरा बाजूला, कोऱ्या फळ्यांकडं बघत हसत होती.

त्यानं बटण दाबलं. खोलीभर पिवळाधमक उजेड पडला. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

रामकिशन तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. केवळाबाईनं चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि मांडीवर घेतलं.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

"लई दिवस झाले."

"मग सांगितलं का न्हाई मला?"

"कसं सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही दिवा नीट करून राहिले होते."