एक अस्खलित वाक्य

१२ मार्च, मंगळवार. संध्याकाळी नेरूळच्या घरी मेथी निवडायला बसले आणि काड्या पानांत, पानं कचऱ्यात जायला लागली. डोकं दुपारच्या मीटिंगमध्येच होतं.

फ्रोझन पुरणपोळ्या परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. जानेवारीत पाकिटं तपासणाऱ्या मावशींनी मला थांबवलं होतं. त्या तळवलीच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. पाकीट नुसत्या बोटाने उघडून दाखवत म्हणाल्या, "मॅडम, सील धरत नाय. मशीन बंद करा, नायतर कोनाला तरी सांगा."

सांगायचं म्हणजे साहेबांना फोन. त्यांना मराठी येत नाही, हिंदीही नाही. समोर माणूस असला की हातवारे करून माझं भागतं. फोनवर इंग्रजी म्हटलं की जीभ जड होते. "बघते," म्हटलं आणि मशीन चालू ठेवलं.

मार्चमध्ये तक्रार आली. पाकिटांत हवा शिरून पोळ्या खराब झाल्या होत्या. त्या मंगळवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर साहेब आणि परदेशातल्या ग्राहक बाई. तपासणी मावशींची, म्हणून त्यांनाही माझ्या शेजारी बसवलेलं. बाईंनी मला विचारलं, सीलचा दोष तुम्हाला माहीत होता का?

रविवारच्या इंग्लिश क्लासात मीटिंगसाठी काही वाक्यं पाठ करून घेतली होती. त्यातलं एक तोंडातून निघालं. "नो मॅडम, आय वॉज नॉट इन्फॉर्म्ड बाय द चेकिंग स्टाफ." एकदाही न अडखळता.

खरं बोलायला पुरेसं इंग्रजी नव्हतं, असं नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. 'येस, आय न्यू' एवढं मला येत होतं.

साहेब म्हणाले, "गुड. व्हेरी कॉन्फिडंट टुडे." आणि पुढे इंग्रजीतच, तुमच्या शेजारच्या बाईंना तपासणीवरून काढा, ट्रे धुण्यावर लावा.

मावशींना यातलं काही कळलं नाही. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "काय फाडफाड बोललात! घरी सुनंला सांगते, आमची मॅडम कशी हाय ती." मग हळूच, "मी तेव्हा सांगितलेलं, ते बोललात ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी पोचले. मावशी टोपीत केस कोंबत होत्या. मी काय बोलले होते ते त्यांना मराठीत सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे मी खोटी?"

"नाही. मी."

त्यांच्यासमोरच साहेबांना फोन लावला. "सर, शी टोल्ड मी. आय डिड नॉट टेल यू." मध्ये दोनदा अडखळले. पलीकडून ते इतकं भराभर बोलायला लागले की निम्मं कळलं नाही. ते थांबल्यावर मी तीच दोन वाक्यं पुन्हा म्हटली आणि तिसरं जोडलं, "शी स्टेज ऑन चेकिंग."