शटरचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, आणि कन्फेशनला फादरांपुढे बसूनही नाही.

मोठा कॅमेरा विकून लहान मिररलेस का घेतला, असं लोक विचारतात तेव्हा माझी कारणं तयार असतात. खांदा दुखायचा. बॅग जड व्हायची. आता कॅमेरा आणि दोन छोट्या प्राइम लेन्स पर्समध्ये मावतात; झूम नाही, म्हणून आपणच पुढे-मागे सरकायचं, एवढंच. यातलं काहीच खोटं नाही. पण खरं कारण वेगळं आहे — या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो.

आमच्या निर्मळकडच्या ख्रिस्ती घरांत मयताची पेटी चर्चला नेण्याआधी सगळं कुटुंब तिच्याभोवती उभं राहतं आणि एक फोटो काढतात. परदेशातल्यांना पाठवायला, घरात ठेवायला. गावातले असे फोटो मी काढायचे — हौसेनं, आणि थोड्या तोऱ्यातही. लग्न असो की मयत, बॅटरी, कार्ड, लेन्स तपासल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी बाई मी. अमुक राहिलं, असं माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या फिलोमिना मावशी गेल्या, त्या सकाळी मी न तपासता निघाले.

त्यांचे दोन मुलगे, विल्सन आणि अंतोन, केळीच्या वाडीच्या बांधावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अंतोन कुवेतहून आला होता. पेटीच्या दोन टोकांना दोघे उभे. मग त्यांची बहीण रेजिना हळूच म्हणाली, "आईसाठी तरी जवळ या रे." आणि ते आले. अंतोननं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मी बटण दाबलं, आणि मग पाहिलं — आत कार्डच नव्हतं.

माझं घर समोरच होतं. "थांबा, कार्ड राहिलं" — इतकंच म्हणायचं होतं. फादर थांबले असते. सगळेच थांबले असते. मी काय केलं? पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. त्या कॅमेऱ्याचं शटर असं खणखणीत वाजायचं — कुणाला शंका येणार?

"आला ना गं नीट?" रेजिनानं विचारलं.

"आला," मी म्हणाले.

नंतर सांगितलं, कार्ड खराब झालं. तिथंच थांबले असते तर — नाही, तेही खोटंच होतं. पण रेजिना म्हणाली, "दे माझ्याकडे. विरारला एक जण आहे, उडालेले फोटो परत मिळवून देतो." आणि मी दिलं. कपाटातलं एक कोरं कार्ड. ते घेऊन ती भर उन्हात एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरली. शेवटी परत आणून माझ्या हातात ठेवलं, वर माझीच समजूत काढली — "जाऊ दे गं, मशीनच ते. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

अंतोन कुवेतला परतला. बांधाचा वाद पुन्हा सुरू झाला. पुढे विल्सन वारला, तेव्हा अंतोन आला नाही.

परवा रेजिनाकडे बसले होते. विल्सनची मुलगी आली होती. विषय निघाला, आणि रेजिना तिला सांगू लागली — तुझे बाबा आणि काका आजीच्या पेटीपाशी जवळ उभे राहिले होते, काकानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मुलगी हसली. "आत्ये, तुला तसं वाटलं असेल. बाबा कधी बोलले नाहीत ते."

रेजिनानं माझ्याकडे पाहिलं.

मी पाहिलं होतं ते. तिच्याहून नीट पाहिलं होतं. "खरं आहे, मी समोर होते" — एवढं तरी म्हणता आलं असतं ना? पण मग फोटोचं निघालं असतं.

मी चहा संपवला आणि घरी आले.