मालगाडीच्या दारातला आशीर्वाद

ओटाकार झेमानेक रेल्वेत चिकटला तेव्हा द्राक्षमळ्यात जन्म काढलेला त्याचा बाप साऱ्या लिपोव्का गावाला सांगत सुटला होता, "आमचा ओटा आता वाऱ्यागत पळणार!" बापाला बिचाऱ्याला काय ठाऊक, मालगाडीच्या ड्रायव्हरला पळण्यापेक्षा थांबायचंच काम जास्त. एक्सप्रेस आली, थांब. साधी गाडी आली, थांब. चार म्हाताऱ्यांना बाजाराला नेणारी एका डब्याची गाडी आली तरी मालगाडीनं बाजूला व्हायचं. आधी माणसं, मग माल.

कंपनी सरकारी, पण पसारा दांडगा. हांबुर्गच्या बंदरापासून त्रिएस्तच्या समुद्रापर्यंत कुठंही तिची गाडी उभी दिसायची. उभीच! ओटाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कुठल्या सिग्नलपाशी सफरचंदाची फांदी हाताशी येते, कुठं रुळाच्या कडेला अळंबी उगवतात, हे त्याला पाठ होतं. इंजिनातल्या शेगडीवर तो असा बटाट्याचा रस्सा शिजवायचा, की पल्याडच्या लाइनीवरचे पोलिश ड्रायव्हर वाडगा घेऊन यायचे. माणूस अंगानं बैलासारखा, स्वभावानं लोण्यासारखा.

एकच गोष्ट त्याला सलायची. पोरगी वेंदुला जन्मली तेव्हा तो हांबुर्गात डबे रिकामे व्हायची वाट बघत होता. तिच्या बाप्तिस्म्याला तो हंगेरीतल्या सूर्यफुलांत उभा. शाळेच्या पहिल्या दिवशीही असाच कुठंतरी बगलेच्या लाइनीत. त्यामुळं तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मेरीमातेची शपथ घेऊन सांगितलं, "ह्या खेपेला गाडी गेली उडत. मी दारात उभा असणार."

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी जोडीदार ड्रायव्हर शिमेचेक दारात आला. "ओटा, पाऊस सांगितलाय. माझी द्राक्षं आज न्हाई खुडली तर मातीत जातील. माझी एक खेप मार. उद्या न्याहारीला घरी असशील."

ओटाची बायको यार्मिला लग्नाच्या गोड पावांच्या, कोलाच्यांच्या पिठात कोपरापर्यंत बुडालेली होती. ती तिथूनच कडाडली, "लग्न कुणाचं हाय? वेंदुलाचं का शिमेचेकच्या द्राक्षांचं?"

पण मळेकऱ्याचा पोर तो. द्राक्षं कुजताना त्याला बघवतात होय? गेला.

गाडी होती नव्या मोटारींची, स्लोवाकियातनं बंदराकडं निघालेली. सरहद्दीवर इंजिनासाठी खोळंबा झाला, पुढं रुळाचं काम निघालं. न्याहारीची वेळ कधीच टळली. ऊन चढलं तेव्हा कुठं गाडी रडतखडत लिपोव्काच्या सिग्नलपाशी आली आणि तांबडा बघून उभी राहिली. समोर ओटाचं घर. दाराला बांधलेल्या फिती वाऱ्यावर हलताना दिसत होत्या.

ब्रेकच्या नळीतनं हवा गळल्यासारखी वाटली म्हणून तो खाली उतरून नळ्या घट्ट करून आला, कोपरापर्यंत काळा होऊन. मग वायरलेसवर स्टेशनमास्तरणीला हाक दिली, "दाग्मार, बदलीचा ड्रायव्हर हाय का गं?"

"तो पुढं जंक्शनात चहा पीत बसलाय. तुझ्या मागनं दोन एक्सप्रेस येतायत, उशीर झालेल्या. तुला फलाटाच्या लाइनीवर घेते. त्या गेल्या की सोडते."

"मग मी घरी पळत जाऊन येतो. पोरीच्या कपाळावर अंगठा टेकवायचा न् माघारी."

"गाडी वाऱ्यावर सोडून? हिरवा मिळाला न् इंजिनात माणूस नसला, तर तुझं न् माझं लग्न एकाच मांडवात लावतील साहेब लोक. इंजिन सोडायचं न्हाई!"

गोष्ट साधी नव्हती. त्या मुलखात नवरी चर्चला निघण्याआधी आईबापापुढं गुडघे टेकते, आणि दोघं तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतात. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

फलाटाला गाडी लागल्यावर ओटानं घरी फोन लावला.

"कुठं उलथलायस?" यार्मिला म्हणाली. "पाद्री खोळंबलाय, बँडवाले दुसरी बाटली फोडायला निघालेत. न् ही उंबऱ्यावर बसून हाय. आबा आल्याबिगर उठत न्हाई म्हणते."

"तिला म्हणावं, मेतोदेय मामाच्या हातनं घे."

मेतोदेय हा यार्मिलाचा भाऊ, त्या लग्नाचा बोलका मानकरी. मानपान सांगणं, पद्यं म्हणणं सगळं त्याच्याकडं. मागनं त्याचा आवाज आला, "मी कवाचा अंगठा धुऊन बसलोय!" आणि वेंदुलाचा, "तुमचा तुमच्या पोरींना ठेवा, मामा." मग तिनंच फोन घेतला. "आबा, कुठंयस?"

"स्टेशनात."

"आपल्या?"

"आपल्याच. पण उतरता येत न्हाई गं. दोन एक्सप्रेस गेल्या की निघायचं."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

ओटानं त्या 'बरं'चा अर्थ लावला. समजूतदार पोरगी, मामाकडनं घेईल. बोलायलाही जागा ठेवली नाही तिनं. त्यानं शेगडीवरचा रस्सा ढवळला आणि तसाच झाकून ठेवला.

तेवढ्यात तुतारीचा आवाज आला. मग मोठा ढोल. ओटानं दार उघडून बघितलं, तर स्टेशनच्या रस्त्यानं अख्खं लग्न चालत येत होतं! पुढं बँड, मागं मेतोदेय मामा काठी नाचवत, त्याच्या मागं वेंदुला झगा गुडघ्याइतका उचलून, आणि नवरा रादिम तिच्या झग्याचा मागचा घोळ धरून धापा टाकत. उंबरा तिनं ओलांडला होता, पण चर्चच्या वाटेनं नव्हे.

दाग्मार दोन्ही हात पसरून फलाटावर धावली. "पिवळ्या रेघेपल्याड कुणी पाऊल टाकलं तर लग्नाचं मयत करून टाकीन! मामा, आटपा लवकर!"

मामानं टोपी काढली, घसा खाकरला. "जेव्हा देवानं आदामाची बरगडी काढली..."

"आदाम कशाला मधी?" यार्मिला ओरडली. तेवढ्यात पहिली एक्सप्रेस धडधडत गेली. खिडक्यांना नाकं लावून लोक बघत राहिले.

"सुरुवात तिथनंच हाय!" मामा हटेना. तो नोहाच्या तारवापाशी पोचला आणि दुसरी एक्सप्रेस शिट्टी मारत आली. ती गेली की हिरवा. ओटाला ते जसं कळलं तसं वेंदुलालाही. तिनं मामाच्या नोहाला बुडू दिलं आणि आईपुढं फलाटावरच गुडघे टेकले. यार्मिलानं क्रूस काढला आणि नाक पुसलं.

"आता मी वर येते," म्हणून वेंदुलानं इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवला. रादिमनं तिला कमरेला धरलं.

"नीट धर रे," ओटा म्हणाला, "आत्तापासनं सवय लाव."

दारात गुडघ्यावर बसून तो खाली वाकला आणि एकदम थबकला. "अगं, हात बघ माझा! सगळा काळा झालाय."

"आबा, एवढं चालून आले ते साबण आणायला व्हय?"

त्यानं अंगठा टेकवला. उभी रेघ, आडवी रेघ. तोंडानं जे म्हणायचं ते निम्मंच आठवलं. पांढऱ्या फुलांच्या मुकुटाखाली काळाकुळकुळीत क्रूस उमटला. बायका "अगंबाई!" म्हणाल्या. रादिमची आई रुमाल घेऊन पुढं झाली, तर वेंदुलानं मान मागं घेतली. "हात लावायचा न्हाई कुणी."

मामानं आलुबुखाराच्या दारूचा पेला वर धरला. "घे, जावयाच्या नावानं."

"लांब ठेव! ड्युटीवर हाय मी, वाससुद्धा नको आत."

"हिरवा!" दाग्मार ओरडली.

रादिमनं नवरीला उचलून खाली घेतलं आणि गाडी हलली. चर्च रेल्वे फाटकाच्या पल्याड. वऱ्हाड घाईनं तिकडं वळलं आणि खाली आलेल्या दांड्यापाशी अडकलं. एरवी नवरीची वाट अडवायला गावची पोरं रस्त्यात दोर धरतात आणि दारू घेऊन सोडतात. दांडा आयताच खाली आलेला बघून त्यांनी दोर फेकला आणि पेले पुढं केले. ओटाची लांबलचक गाडी मोटारी मिरवत पुढनं जात राहिली. जन्मभर सगळ्यांना वाट दिलेला माणूस आज सख्ख्या पोरीच्या वरातीला थांबवून पुढं चालला होता. ती दांड्याला रेलून, काळं कपाळ मिरवत दोन्ही हात हलवत होती. बँड काय वाजवतोय ते ऐकू येत नव्हतं, कारण ओटानं भोंग्यावरचा हात काढलाच नव्हता.

वायरलेस खरखरला. "ओटा, पुरे की रे! पाद्रीबाबा कानात बोटं घालून बाहेर आलेत!"

"मग सांग त्यांना," ओटा म्हणाला, "नवरीला तिचा बाप भेटला म्हणून." आणि भोंगा पुन्हा एकदा दाबला.